मला निकोटीन नको, फक्त चव हवी आहे

*प्रिय ताई,*

*मी २२ वर्षांची आहे. सिगारेट आयुष्यात कधी ओढली नाही. शेजारी कोणी ओढली तरी मला मळमळतं. ई-सिगारेट मात्र गेलं दीड वर्ष कायम जवळ असते. मैत्रिणीने पहिल्यांदा हातात दिलेलं व्हेप थंडगार कलिंगडाचं होतं, आजही तेच चालू आहे. परवा माझं संपलं तेव्हा एका मित्राने त्याचं तंबाखूच्या चवीचं पुढे केलं. दोन झुरके मारून परत दिलं, इतकं घाण. मग वाटलं, मला निकोटीनचं व्यसन असतं तर कुठलीही चव चालली असती ना? म्हणजे मला फक्त चव आवडते. माझा दादा सिगारेट सोडून व्हेपवर आलाय. तो म्हणतो, चव म्हणजे खाण्यातलाच इसेन्स, त्याने काय होणार. पण सकाळी डोळे उघडायच्या आधी माझा हात उशीखाली जातो, आणि ते मला आवडत नाही. हीच चव पण शून्य निकोटीन असं घेतलं तर चालेल का? की सगळंच बंद करू? आईला यातलं काही माहीत नाही.*

*— कलिंगडवाली*

प्रिय कलिंगडवाली,

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. तुला निकोटीनची सवय लागलेली आहे, आणि बऱ्यापैकी पक्की. तुझा पुरावा तूच दिलायस. एखाद्याचं निकोटीनवरचं अवलंबित्व किती आहे हे बघताना डॉक्टर जे प्रश्न विचारतात, त्यांतला सगळ्यात कामाचा प्रश्न असा असतो: उठल्यावर किती वेळाने पहिला झुरका घेता? शरीरातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. आठ तास झोपलीस तर सकाळी जेमतेम सोळावा हिस्सा उरलेला असतो, आणि मेंदू तो भरून काढायला सांगतो. नुसतं कलिंगड आवडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. डोळे मिटलेले असताना कलिंगडासाठी उशीखाली चाचपडणारं कोणी भेटलेलं नाही.

पण तंबाखूच्या चवीचं व्हेप तुला घाण वाटलं, हेही खरं आहे. ते तू स्वतःला फसवायला रचलेलं नाहीस. तुझी गफलत इतकीच की चव आणि निकोटीन ही दोन वेगळी खाती आहेत असं समजून तू कशाकडे किती जमा आहे ते मोजायला बसलीस. तुझ्या हातातल्या त्या वस्तूत ती वेगळी राहिलेलीच नाहीत.

निकोटीन एकटं कसं लागतं ते बघ. कडू, तिखट आणि घशाला जाळणारं. आपल्या नाकातोंडात, घशात आणि श्वासनलिकेत त्रासदायक रसायनं ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोकं असतात, आणि निकोटीन त्यांच्यावरच्या एका ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे रसायन ओळखणाऱ्या प्रथिनाला) थेट जागं करतं. म्हणून पहिल्यांदा ओढणारा माणूस ठसकतो, डोळ्यांत पाणी येतं. शरीर सांगत असतं की हे आत घेऊ नकोस. पूर्वी सिगारेट सुरू करणाऱ्याला हा अडथळा ओलांडावा लागायचा, आणि कित्येकजण तिथूनच मागे फिरायचे. तूही फिरली असतीस. शेजारच्या धुरानेही तुला मळमळतं. तुझ्या वाट्याला मात्र तो अडथळा आलाच नाही. तो आधीच काढून ठेवलेला होता, आणि तोही तीन बाजूंनी.

पहिली बाजू आम्लाची. व्हेपमध्ये ज्या द्रवाची वाफ होते, त्यात निकोटीन मोकळ्या स्वरूपात असेल तर घसा फार जळतो. त्यात बेंझोइक आम्लासारखं एखादं आम्ल घातलं की निकोटीनचा क्षार (सॉल्ट) तयार होतो आणि वाफ एकदम मऊ लागते. अमेरिकेत २०१५ मध्ये आलेल्या जूल या व्हेपने हीच युक्ती घराघरांत नेली. त्याच्या द्रवात दर मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम निकोटीन होतं. युरोपीय संघात कायद्याची मर्यादा २० मिलिग्रॅम आहे, यावरून अंदाज घे. आम्ल नसतं तर इतकं तीव्र द्रव सलग ओढणं बहुतेकांना जमलंच नसतं.

दुसरी बाजू थंडाव्याची, आणि तुझ्या बाबतीत मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. पत्रात तू नुसतं ‘कलिंगड’ लिहिलं नाहीस, ‘थंडगार कलिंगड’ लिहिलंस. ती वाफ खरं तर गरम असते. थंडी वाटते कारण पुदिन्यातलं मेंथॉल, किंवा त्याच्यासारखं काम करणारं रसायन, चेतातंतूंवरच्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहकाला, म्हणजे टीआरपीएम-८ला, चालू करतं. थंड पाणी प्यायल्यावर जो निरोप मेंदूला जातो, तोच इथे पाणी नसताना जातो. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या शास्त्रज्ञांनी मेंथॉल वापरूनच, स्वतंत्रपणे शोधला. तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहकांवरच्या कामासाठी दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. थंडीचा हा निरोप जळजळीच्या निरोपाला दाबतो. उंदरांवरच्या प्रयोगात मेंथॉल दिल्यावर धुरातल्या त्रासदायक रसायनांना त्यांचे श्वासमार्ग कमी प्रतिसाद देताना दिसले. थोडक्यात, धोक्याची घंटा वाजतच असते, तिच्यावर कापड टाकलेलं असतं. मेंथॉलचं काम घशापाशी संपतही नाही. मेंथॉल सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरात निकोटीनचा निचरा किंचित हळू होतो, असं आढळलंय.

आता गंमत अशी की थंडाव्याला पुदिन्याच्या वासाची गरज राहिलेली नाही. १९७० च्या दशकात दाढीची पाती बनवणाऱ्या विल्किन्सन स्वोर्ड या कंपनीच्या संशोधकांनी दाढीच्या उत्पादनांसाठी जवळजवळ वास नसलेली थंडावा देणारी रसायनं शोधली. डब्ल्यूएस-३, डब्ल्यूएस-२३ ही त्यांचीच नावं; ‘डब्ल्यूएस’ म्हणजे कंपनीची आद्याक्षरं. हीच रसायनं आज ‘आइस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हेपमध्ये सर्रास सापडतात. गालावर लावायला शोधलेली वस्तू फुप्फुसात रोज किती गेली तर चालेल, हा हिशेब तेव्हा कोणी कशाला करेल? या रसायनांनी कायद्यालाही चकवलंय. कॅलिफोर्नियात डिसेंबर २०२२ मध्ये चव असलेल्या तंबाखू उत्पादनांवर बंदी आली, आणि लगेच ‘मेंथॉल नसलेल्या’ म्हणून ज्या नव्या सिगारेटी बाजारात उतरल्या, त्यांतल्या काहींत डब्ल्यूएस-३ निघालं. वास गेला, गारवा राहिला.

तिसरी बाजू गोडव्याची. कलिंगडाच्या वासात साखर नसते, तरी तो गोड भासतो, कारण लहानपणापासून तो वास आणि गोडवा मेंदूने एकत्रच पाहिलेला असतो. त्यात भर म्हणून पुष्कळ द्रवांत सुक्रालोज हा कृत्रिम गोडवा असतो. अमेरिकेतल्या काही डिस्पोजेबल (वापरून फेकायच्या) व्हेपमध्ये निओटेम नावाचं गोड रसायनही सापडलंय. ते साखरेच्या ७ ते १३ हजार पट गोड असतं, म्हणून कणभर पुरतं. गोडव्यात कडू दबतं, आणि निकोटीन कडू आहे.

आता तुझ्या मित्राचं व्हेप आठव. त्यात कदाचित निकोटीन तितकंच होतं, पण थंडावा आणि गोडवा नव्हता. तुला जे घाण लागलं ते बरंचसं तुझ्याच व्हेपच्या आतलं होतं, वरचं आवरण काढलेलं. या प्रसंगावरून तू ‘मला व्यसन नाही’ असा निष्कर्ष काढलास. मी उलटा काढते: दीड वर्ष तू जे घेतेयस ते तुला उघड्यावर दिसलं तर आवडत नाही. हे फार उपयोगाचं आहे, पुढे वापरू.

इथपर्यंत झालं चव निकोटीनला कशी मदत करते ते. याच्या उलट जे घडतं ते मला जास्त विलक्षण वाटतं, आणि ते लोकांच्या फारसं लक्षात येत नाही.

झुरक्यातलं निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं आणि डोपामिन हे बक्षिसाची भावना देणारं रसायन सुटतं. त्या क्षणी जिभेवर, नाकात, घशात जे काही असेल ते मेंदू या बक्षिसाशी जोडून टाकतो. दिवसाला शेकडो झुरके, दीड वर्ष. मग नुसता वास आला तरी ओढ लागते. इतकं तर कोणालाही पटेल. पण निकोटीन याहून एक पाऊल पुढे जातं. उंदरांवरचे प्रयोग आहेत: खटका दाबला की एक साधा प्रकाश लागतो, बाकी काही नाही. उंदरांना तो थोडासा आवडतो, अधूनमधून दाबतात. त्यांना वेगळ्या मार्गाने निकोटीन दिलं, खटक्याशी त्याचा काही संबंध नसताना, तर ते तोच खटका कितीतरी जास्त वेळा दाबू लागतात. म्हणजे निकोटीन स्वतःचं बक्षीस तर देतंच, वर आसपासच्या किरकोळ सुखांची किंमतही वाढवून ठेवतं. प्रकाशाच्या जागी तुझं कलिंगड ठेव. तुला ती चव इतकी प्रिय वाटते, त्यातला काही भाग चवीचा आहे आणि काही भाग निकोटीनने तिच्यावर चढवलेला भाव आहे. ‘मला निकोटीन नको, चव हवी आहे’ हे अगदी मनापासून म्हणणाऱ्या माणसालाही हा फरक आतून कळू शकत नाही. म्हणून मी तुला खोटारडी म्हणत नाही. तुझ्या जागी कोणीही हेच लिहिलं असतं.

माणसांवरही पाहिलंय. जवळजवळ निकोटीन नसलेल्या सिगारेटी दिल्या तरी ओढणाऱ्यांची तलफ काही वेळ शमते. श्वासमार्ग औषधाने बधिर केले तर नेहमीच्या सिगारेटचंही समाधान घटतं. घशाला होणारा तो स्पर्शच सवयीचा मोठा भाग होऊन बसलेला असतो.

आता तुझा शून्य निकोटीनचा प्रश्न. ते घेतलंस तर तलफ काही वेळ शमेल, वर सांगितलेल्या कारणामुळेच. माझं मत तरी ‘नको’ असंच आहे. एकतर हात, तोंड, चव, उशी ही सगळी साखळी तशीच चालू राहते, आणि एखाद्या वाईट दिवशी निकोटीनवालं व्हेप हाती आलं की मधली कडी बसायला एक झुरका पुरतो. दुसरं, ‘शून्य’ या लेबलवर डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी परिस्थिती नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्येच ई-सिगारेटची काडतुसं (द्रव भरलेल्या कुप्या) तपासली तेव्हा ‘निकोटीन नाही’ असं लिहिलेल्या एक सोडून सगळ्यांत निकोटीन निघालं होतं. तिसरं कारण दादाच्या इसेन्सचं.

खाण्यात चालणारी वस्तू श्वासात चालतेच असं नाही. पोटात गेलेलं यकृताच्या तावडीतून जातं, फुप्फुसात गेलेलं सरळ रक्तात आणि ऊतींवर. इसेन्सना जी सुरक्षिततेची मान्यता असते ती खाण्यापुरती असते. याचं गाजलेलं उदाहरण डायअसिटिलचं. लोण्याचा वास देणारं हे रसायन खायला निरुपद्रवी मानलं जायचं. २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्न कारखान्याच्या कामगारांमध्ये श्वासनलिकांच्या बारीक फांद्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार उघडकीला आला, कारण ते त्याची वाफ श्वासावाटे घेत होते. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ५१ चवींची ई-सिगारेट द्रव्यं तपासली, त्यांतल्या ३९ मध्ये डायअसिटिल होतं. म्हणून व्हेप ओढणाऱ्या प्रत्येकाला तो आजार होतो असं मी म्हणणार नाही, आणि सिगारेटच्या धुरातही डायअसिटिल असतंच. पण ‘त्याने काय होणार’ हे वाक्य त्यानंतर इतक्या सहज म्हणता येत नाही. शिवाय बाटलीत घातलेलं रसायन बाटलीत तसंच बसून राहत नाही: व्हॅनिलासारख्या काही चवींची रसायनं द्रवातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉल या द्रावकाशी संयोग पावून नवीनच संयुगं बनवतात, आणि ती वाफेत उतरतात.

दादाशी मात्र यावरून भांडू नकोस. सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाने पूर्णपणे व्हेपवर जाणं हे त्याच्यासाठी उतरणं आहे. जळत्या तंबाखूचा धूर थांबला, तो फायदा खरा आहे. निकोटीनच्या ई-सिगारेटने निकोटीनची चिकटपट्टी (त्वचेवर लावायचा पॅच) किंवा निकोटीनच्या च्युइंगगमपेक्षा जास्त लोक सिगारेट सोडतात, असं कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात दिसतं. तू मात्र शून्यावरून चढलीस. एकाच जिन्यावर तुम्ही दोघं भेटलात म्हणून तुमची दिशा एक होत नाही. आणि शून्यावरून चढणाऱ्यांना वर आणणारी पहिली पायरी बहुतेकदा चवीचीच असते: अमेरिकेत २०१३-१४ मध्ये किशोरवयीनांना विचारलं तेव्हा ई-सिगारेट वापरून पाहिलेल्यांपैकी ८१ टक्क्यांनी सुरुवात चवदार प्रकाराने केल्याचं सांगितलं. २०२४ च्या शालेय सर्वेक्षणातही सध्या ओढणाऱ्यांपैकी ८७.६ टक्के चवदार प्रकारच वापरत होते, आणि फळं सगळ्यांत पुढे.

तेव्हा सोडच, आणि पूर्ण सोड. कसं, ते सांगते.

एक तारीख ठरव, फार लांबची नको. तारखेच्या आधीच्या दिवसांत दोन गोष्टी कर. व्हेप झोपायच्या खोलीबाहेर ठेव, म्हणजे सकाळचा पहिला झुरका उठून, चालून, जागेपणी घ्यावा लागेल. तो जमेल तितका पुढे ढकल. आणि शक्य असेल तर नवीन थंडगार, गोड चवीचं आणूच नकोस. मित्राचं घाण लागलं होतं ना? ती किळस तुझ्या बाजूची आहे. हा काही सिद्ध झालेला उपचार नाही, माझी सूचना आहे. पण आवरण उतरलं की आपण नेमकं काय ओढतोय हे कळतं, आणि झुरके आपोआप कमी होतात असं पुष्कळजण सांगतात. एक धोका लक्षात ठेव: चव सुटली म्हणून सिगारेटकडे वळायचं नाही. तुला तिची मळमळ आहे, ती जपून ठेव.

ठरलेल्या तारखेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण. चिडचिड, झोपेचा बिघाड, कशात लक्ष न लागणं, भूक. नंतर हळूहळू ओसरत दोन ते चार आठवड्यांत बहुतेक जातं. तलफ स्वतः काही मिनिटांचीच असते. तेव्हा घशाला जे हवं असतं ते त्याला निकोटीनशिवाय दे: बर्फाचा तुकडा, खूप गार पाणी, बिनसाखरेची मेंथॉलची गोळी. आणि हो, खरं कलिंगड खा. वास तोच आणि मागून काही येत नाही, असं वारंवार झालं की मेंदूने बांधलेली गाठ सैल होत जाते.

डॉक्टरांकडे जायला लाजू नकोस. निकोटीनची चिकटपट्टी किंवा च्युइंगगम यांबद्दल विचार. तू म्हणशील, च्युइंगगमलाही पुदिन्याची चव असते, मग तिथे चव कशी चालते? चांगला प्रश्न आहे. तिथेही चव कडूपणा झाकायलाच असते. पण निकोटीन तोंडातून हळूहळू शिरतं, सेकंदांत मेंदूवर आदळत नाही, त्यामुळे चवीवर तितका भाव चढत नाही. निकोटीन सोडायला मदत करणाऱ्या वॅरेनिक्लिन नावाच्या गोळ्याही आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १६ ते २५ वयाच्या व्हेप ओढणाऱ्यांवरच्या चाचणीत, समुपदेशनासोबत या गोळ्या घेतलेल्यांपैकी ५१ टक्के उपचाराच्या शेवटी व्हेपमुक्त होते. औषध नसलेली दिखाऊ गोळी मिळालेल्यांपैकी १४ टक्के. तुझं वय नेमकं त्यात बसतं. तुला त्या चालतील का, हे तुझी तब्येत बघून डॉक्टर ठरवतील. मन फारच खचलं, किंवा झोप कित्येक दिवस आलीच नाही, तर वाट न बघता त्यांना सांग.

उरलेलं व्हेप कचऱ्याच्या डब्यात टाकू नकोस. आत लिथियमची बॅटरी असते, ती पेट घेऊ शकते, आणि उरलेलं द्रव लहान मुलाच्या किंवा पाळीव प्राण्याच्या तोंडी गेलं तर विषबाधा होते. ई-कचऱ्यात दे.

मध्येच एखादा झुरका घेतला गेला तर तारीख बदलायची नाही, तसंच पुढे जायचं. फक्त तो कुठल्या वासाने, कोणाच्या संगतीत घेतला हे टिपून ठेव.

आईला सांगायचं की नाही हे तू ठरव. मला वाटतं तिला तुझी चिडचिड दिसणारच आहे, आणि कारण माहीत नसलं तर ती त्याहून वाईट काहीतरी समजून बसेल. आज धीर होत नसेल तर निदान दादाला सांग. सिगारेट सोडताना पहिला आठवडा कसा जातो हे घरात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. त्याच्याकडून दोन गोष्टी मागून घे: तू कितीही गयावया केलीस तरी त्याचं व्हेप तुला द्यायचं नाही, आणि निदान पहिला महिनाभर ते तुझ्यासमोर काढायचं नाही.

तुझी,
ताई